फोमची कोरीव पाटी, रंगाचे पोपडे आणि सैल झालेला स्क्रू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की फोम बोर्डात नावाची पाटी कोरली, दाराबाहेर लावली, आठ महिन्यांत रंगाचे पोपडे निघाले, अक्षरांच्या कडा झडल्या, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू सैल होऊन पाटी तिरकी लोंबतेय, आणि आता तुम्हाला बाहेर टिकणारा रंग कोणता ते हवंय; सोबत फोटो पाठवलाय आणि सोनेरी रंगाचंही विचारलंय. रंगाचं सांगतो, पण आधी एक गोष्ट. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी एकही मुळात रंगाची नाहीये. पोपडे निघाले म्हणजे रंगाला धरायला खाली काही नव्हतं, कडा झडल्या म्हणजे कोरताना त्या फार बारीक ठेवल्या गेल्या, आणि स्क्रू सैल झाला कारण तो फोममध्ये मारला होता. उद्या सगळ्यात महाग रंग आणून मारलात तरी आठाच्या जागी दहा महिने जातील.

मी वीसेक वर्षं पाट्या करतोय, सुरुवात लाकडात केली, फोमकडे नंतर आलो, आणि सुरुवातीला फोमला हलकं लाकूड समजून बऱ्याच पाट्या वाया घालवल्या. लाकूड स्वतः रंग धरतं, स्क्रू धरतं, थोडा मार खातं. फोम यातलं काहीच करत नाही. तो फक्त आकार देतो. पाटीची ताकद येते ती फोमवर तुम्ही जी कातडी चढवता तिच्यातून आणि मागे जो पाठिंबा देता त्यातून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्याच्यामागून येतं.

आता अडचण ही की 'फोम बोर्ड' म्हणजे नक्की काय ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. बाजारात या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे पॉलियुरेथेनचा घट्ट फोम, खास पाट्यांसाठी बनतो, पिवळट किंवा तपकिरी असतो, कापला की कोरडी पिठासारखी पूड पडते. दुसरा पीव्हीसी फोम, ज्याला सगळे सनबोर्ड म्हणतात, पांढरा, वरून गुळगुळीत, कापताना त्याचे प्लास्टिकसारखे छिलके निघतात. तिसरा पॉलिस्टायरीन, त्यात दाणेवालं साधं थर्माकोल आलं आणि घरांच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो रंगीत, बारीक पोताचा बोर्डही आला. आणि चौथा तो कागद चिकटवलेला प्रदर्शनाचा बोर्ड, तो असेल तर त्याचा नाद सोडा, तो घरातच ठेवायचा.

ओळखायचं कसं, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटर, अडीच सेंटीमीटर जाडीचा तुकडा म्हणजे २५० घन सेंटीमीटर. पाट्यांचा पॉलियुरेथेन साधारण २४० किलो प्रति घनमीटर घनतेचा असतो, तो तुकडा ६० ग्रॅमच्या आसपास भरेल, आणखी घट्ट जातीचा असेल तर ७०-७२. पॉलिस्टायरीनचा उष्णतारोधक बोर्ड जेमतेम ८-१० ग्रॅम, आणि पीव्हीसी सव्वाशे ग्रॅमच्या पुढे. जाडी वेगळी असेल तर त्या हिशोबाने कमी-जास्त धरा. तरी शंका राहिली तर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोनवालं रिमूव्हर एक थेंब टाका, पॉलिस्टायरीन बघता बघता विरघळून खड्डा पडतो, पीव्हीसी चिकट होतं, पॉलियुरेथेनला लगेच काही होत नाही. जाळून बघायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याच कारणाने गरम तारेचा कटर फक्त पॉलिस्टायरीनवर चालवायचा, तोही खिडक्या उघड्या ठेवून. पॉलियुरेथेन तापून जळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे वायू निघू शकतात आणि पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड, हे गंमतीने घ्यायचं काम नाही. साध्या कोरीव कामातसुद्धा पूड फार बारीक असते, स्टॅटिकमुळे अंगाला चिकटते, तर चांगला मास्क, चष्मा आणि शेजारी व्हॅक्युम हे हवंच.

कोरीव कामाला तिघांत पॉलियुरेथेन उत्तम. त्याला रेषा नाहीत, म्हणजे लाकडासारखं उलट्या बाजूने पटाशी घातली की फाटेल ही भीती नाही, पेशी, म्हणजे आतले हवेचे बारीक बुडबुडे, बंद असल्यामुळे तो पाणी पीत नाही, कुजत नाही, फुगत नाही. दोष दोन. ठिसूळ आहे, आणि उघडा राहिला तर उन्हाने त्याचा वरचा थर तपकिरी होऊन भुकटी होतो. पीव्हीसी वर्तुळं, कापलेली अक्षरं, सपाट थर यांना छान, पण खोल कोरायला मजा नाही, वरची साय गेली की आतला पोत जाळीदार निघतो, आणि तो उन्हात वाढतो. पॉलिस्टायरीन मोठ्या उठावाच्या आकारांना ठीक, पण जाड कवच चढवल्याशिवाय बाहेर नाही, शिवाय मुंग्या त्यात चक्क बोगदे करतात, मी एकदा वर्षभराने पाटी उतरवली तर मागून पूर्ण वसाहत.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे पिवळसर रंग आणि 'खरवडल्यावर पीठ पडतं' यावरून, मी पॉलियुरेथेन धरून पुढे लिहितोय. दुसरं काही निघालं तर कुठे बदल करायचा ते मधे मधे सांगतो.

आता अक्षरं. इथे देवनागरीची स्वतःची दुखणी आहेत आणि पाट्यांबद्दल जे काही व्हिडिओ दिसतात ते बहुतेक रोमन अक्षरांचे, त्यामुळे हे कोणी सांगत नाही. आधी ठरवा अक्षर खोदायचं की उठवायचं. खोदायचं असेल तर व्ही आकाराची खाच सगळ्यात चांगली, आणि तिची खोली अक्षराच्या रेषेच्या जाडीवर ठरते, तुमच्या मनावर नाही. ९० अंशाच्या व्हीला रेषेच्या जाडीच्या निम्मी खोली लागते, ६० अंशाच्या व्हीला जाडीच्या सुमारे ०.८७ पट. म्हणजे २० मिलिमीटर जाड रेषा असेल तर पहिल्यात १० मिलिमीटर आणि दुसऱ्यात १७ मिलिमीटरच्या वर. तुमचा बोर्ड २५ मिलिमीटरचा असेल आणि तुम्ही ६० अंशाने शिरोरेषा खणली तर मागे उरले सात-आठ मिलिमीटर, तेही पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सरळ रेषेत. बिस्किटाला तोडायची खूण करून ठेवतात ना, तसंच झालं हे. लांब नाव असेल तर मी ९० अंशच घेतो किंवा बोर्ड जाड घेतो.

व्हीचा दुसरा फायदा असा की शिरोरेषेच्या खाचेची खालची भिंत आतून बाहेर उतरती असते, पाणी आपोआप बाहेर पडतं. याउलट सपाट तळाची, सरळ भिंतींची खाच मारली की खालची भिंत म्हणजे एक छोटं फडताळच, तिथे धूळ बसते, पाणी थांबतं, आणि पोपडे तिथूनच सुरू होतात. तुमच्या फोटोत पोपड्यांची सुरुवात शिरोरेषेच्या खालच्या काठावरच दिसतेय, बघा नीट. उठावाच्या अक्षरात हेच उलटं होतं, शिरोरेषेचा वरचा काठ फडताळ बनतो, त्यामुळे उठावात वरचा काठ सरळ काटकोनात न ठेवता बाहेर उतरता ठेवायचा, डोळ्याला कळत नाही पण पाण्याला कळतं.

कडा झडण्याचं मूळही इथेच आहे. दोन खाचा जवळ आल्या की मधे सुरीच्या पात्यासारखी धार उरते, 'ष'च्या पोटात, 'क्ष'मध्ये, 'ब'च्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना. कागदावर सुंदर दिसतं, फोममध्ये ती धार बोट लागलं तरी जाते. मधे किमान ३ मिलिमीटर सपाट भाग उरला पाहिजे, उरत नसेल तर अक्षर मोठं करा किंवा रेषा बारीक करा किंवा दुसरं वळण घ्या. उठावात सगळ्यात आधी पडतो तो अनुस्वार, बिचारा एकटा खांबासारखा उभा असतो. त्याचा व्यास उंचीच्या दुप्पट तरी ठेवा आणि भिंती सगळीकडे थोड्या बाहेर कललेल्या ठेवा, म्हणजे बूड रुंद राहतं. उकाराची शेपटी आणि रफार यांनाही हेच.

आकाराबद्दल एक ठोकताळा आहे, दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर अक्षर. तो रोमन मोठ्या अक्षरांचा आहे. मी देवनागरीत शिरोरेषेपासून बुडापर्यंतचीच उंची धरतो, मात्रा-वेलांट्या मोजत नाही, आणि वर थोडं सढळ सोडतो. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसत नाहीत ना हे कोरायच्या आधी कागदावर बघा, एकदा कोरल्यावर काय बघणार.

हाताने कोरत असाल तर पटाशीला धार हवी म्हणजे हवीच. लोकांना वाटतं फोम मऊ आहे, बोथट चालेल, उलट आहे, बोथट पटाशी पेशी कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या थरावर रंग मारला की तो त्या थरासकट निघतो. आधी रेषेच्या मधोमध उभा काप, मग दोन्ही बाजूंनी तिरके काप, आणि तुकडा अडकला तर पटाशीने उचकटायचा नाही, परत काप द्यायचा. राउटरचं, म्हणजे फिरत्या पात्याने कोरणाऱ्या विजेच्या यंत्राचं, फार सांगण्यासारखं नाही, फोम त्याला लोण्यासारखा आहे, पुढे सरकवण्याचा वेग बऱ्यापैकी ठेवा. घासताना लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून १२० आणि मग २२० नंबर. बोटाने घासू नका, लाटा पडतात. आणि दोन बोर्ड चिकटवून जाडी केली असेल तर लक्षात ठेवा, गोंद फोमपेक्षा कडक असतो, घासल्यावर फोम खाली जातो आणि गोंदाची रेघ वर राहते. ती जोडरेषा अक्षराच्या भिंतीत येऊ देऊ नका, किंवा गोंद कडेपासून पाचेक मिलिमीटर आतच थांबवा.

आता कातडी. यावर मी जितका वेळ घालवतो तितका कोरण्यावरसुद्धा घालवत नाही.

कोरून झालं की पृष्ठभागावर लाखो उघडे कप असतात, कापलेल्या पेशी, आणि प्रत्येक कपात पूड बसलेली असते. तुम्ही लिहिलंय की 'कपड्याने पुसून रंगाचे दोन हात मारले'. कपड्याने पूड निघत नाही, आत दाबली जाते. रंग पुडीला चिकटला, पूड कशालाच चिकटलेली नव्हती. म्हणून आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्युम एकाच वेळी, सगळ्या खाचांतून, मग किंचित ओलसर फडकं, मग पूर्ण वाळू द्या. त्यानंतर अस्तर. पाण्यावर आधारित, जाड थराचा, घासता येणारा प्रायमर घ्या. पहिला हात थोडा पातळ करून, ब्रश गोल फिरवत कपांत जिरवायचा. वाळल्यावर २२० ने हलकं घासा, पूड काढा, दुसरा हात, परत घासा, तिसरा. किती हात हे मी मोजत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा धरतो, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायची बंद झाली की अस्तर पुरं झालं. बहुतेक वेळा सपाट भागाला तीन हात पुरतात, कडांना चार-पाच. कडा आणि कोपरे दोन-तीन मिलिमीटर गोल करून घ्या, कारण ओला रंग टोकदार कडेवरून मागे सरकतो आणि नेमका जिथे जाड हवा तिथेच पातळ राहतो. आणि मागची बाजू! मागच्या बाजूलाही तितकंच अस्तर. तुमची मागून उघडीच आहे असं फोटोवरून वाटतं.

हात लागण्यासारखी, खालच्या उंचीवरची पाटी असेल तर अस्तराआधी इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचा, एक थर देतो, कवच चांगलं कडक होतं. पण इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि खडूसारखं भुरभुरतं, तर त्यावर रंग हवाच. खड्डे-भोकं भरायला गाड्यांची पॉलिस्टर पुट्टी पॉलियुरेथेनवर चालते. तुमचा फोम पॉलिस्टायरीन निघाला तर पॉलिस्टर पुट्टी, स्प्रे पेंट, थिनरवाला प्रायमर, काँटॅक्ट ॲडेसिव्ह यातलं काहीही लावू नका, सगळं खाऊन टाकेल. मी पहिल्यांदा पॉलिस्टायरीनचा एक मोर कोरला होता, चार दिवसांचं काम, हौसेने थेट स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत मोराची कोंबडी झाली. तिथे इपॉक्सी चालतं, पाण्याचे प्रायमर चालतात. भिंतीची पांढरी पुट्टी मात्र कुठल्याच फोमवर नको, ती कडक आणि ठिसूळ, हलक्या धक्क्याने तडकते.

एवढं झाल्यावर रंग म्हणजे सोपं काम. बाहेरच्या भिंतींसाठी मिळतो तो शंभर टक्के ॲक्रिलिक, दोन पातळ हात. झालं उत्तर. गडद रंगाची हौस असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, अस्तर पूर्ण सुकू द्या, खोल खाचांत ते उशिरा सुकतं, आत अडकलेली वाफ गडद रंग तापल्यावर फोड काढते. दोन, पीव्हीसी असेल तर गडद रंग टाळाच, कडक उन्हात गडद पृष्ठभाग ६५-७० अंशांपर्यंत सहज जातो आणि पीव्हीसी त्याच सुमाराला मऊ पडायला लागतं. माझी एक गडद निळी पाटी अशीच मधून फुगून पापडासारखी झाली होती, ग्राहकाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शिवाय १.२ मीटरचा पीव्हीसी तुकडा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबतो, म्हणून त्याची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवायची.

खोदलेल्या अक्षरांत वेगळा रंग भरायचा तर सोपी युक्ती: आधी सपाट बोर्डाला अस्तर आणि पार्श्वभूमीचा रंग पूर्ण करा, नीट वाळल्यावर वर मास्किंग फिल्म चिकटवा, फिल्मसकट कोरा, मग खाचांतल्या उघड्या फोमला अस्तर आणि रंग द्या, आणि शेवटचा हात थोडा ओला असतानाच फिल्म काढा. पूर्ण वाळल्यावर काढलीत तर कडेचा रंग फाटून येतो.

सोनेरीचं विचारलंय म्हणून. डब्यातला सोनेरी रंग बहुतेक वेळा पितळेच्या भुकटीचा, तो बाहेर काळपट पडतो. नकली वरखाचंही तेच, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारून थोडे दिवस ढकलता येतात. खरा सोन्याचा वरख, २२ कॅरटच्या वरचा, काळा पडत नाही आणि त्यावर काहीच मारावं लागत नाही, उलट क्लिअर मारला की झळाळी जाते आणि पुढे तो क्लिअरच सोलवटतो. पण वरखाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, खालचं एकूण एक भोक तो दाखवतो. त्यामुळे अस्तर आरशासारखं जमेपर्यंत वरखाच्या वाटेला जाऊ नका.

आणि स्क्रू. हिशोब बघा, १.२ मीटर बाय ०.६ मीटर, ५ सेंटीमीटर जाड पाटीचं वजन फक्त साडेआठ-नऊ किलो. म्हणून लोकांना वाटतं चार स्क्रू पुरे. पण ताशी १०८ किलोमीटरचा वारा त्याच पाटीवर साधारण ४० किलोचा दाब देतो, आणि वारा एकसारखा नसतो, ढकलतो-ओढतो. फोममधला स्क्रू आजूबाजूच्या पेशी दर हिसक्याला थोड्या चिरडत जातो आणि एक दिवस भोक त्याच्यापेक्षा मोठं होतं. म्हणून फोममागे पूर्ण मापाची ॲल्युमिनियम कंपोझिट शीट (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक) किंवा मरिन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड), पॉलियुरेथेन गोंद किंवा इपॉक्सीने चिकटवलेली, आणि सगळे बोल्ट त्या पाठीला. प्लाय असेल तर त्याच्या कडाही सील करा. बोल्ट स्टेनलेसचे. भिंतीपासून दहा-बारा मिलिमीटर फट सोडा, मागे पाणी अडकत नाही.

तुमच्या आत्ताच्या पाटीचं काय. फेकू नका. नखाने जो रंग उचलतो तो सगळा खरवडा, जिथे घट्ट आहे तिथे नुसतं घासा, उन्हाने भुकटी झालेला फोम पिवळा ताजा थर दिसेपर्यंत काढा. झडलेल्या कडा इपॉक्सी पुट्टीने बांधून घ्या, वाळल्यावर पटाशीने परत आकार द्या, त्या कडा आता मूळ फोमपेक्षा मजबूत होतील. सैल स्क्रूचं भोक मोठं करून इपॉक्सीने भरा, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका, मागे शीट लावाच. अस्तराचा पहिला प्रयोग मागच्या बाजूला वीतभर जागेत करून बघा, दोन दिवसांनी त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला आणि त्याच्यामागे पिवळी पूड दिसली तर साफसफाई कमी पडली, रंग आला पण मागे पूड नाही तर अस्तर सुकलं नव्हतं. आधी तो वजनाचा तुकडा काट्यावर ठेवा आणि किती ग्रॅम भरला ते इथे लिहा, पॉलिस्टायरीन निघालं तर पुट्टीपासून वेगळं सांगावं लागेल.